आखाजीची घागर आणि बारीपाड्याचा डोंगर

वैशाख शुद्ध तृतीया. पंचांगकर्ते तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, साडेतीन मुहूर्तांत तिची गणना होते आणि शहरांतील सराफांच्या पेढ्यांवर त्या दिवशी उभे राहावयास जागा उरत नाही. परंतु तापीच्या नि पांझरेच्या काठी वाढलेल्या आम्हां खानदेशी माणसांना हा दिवस सोन्याचा वाटत नाही, तो पाण्याचा वाटतो. आम्ही त्याला आखाजी म्हणतो. दिवाळीला एखादी लेक माहेरी आली नाही तर आई मनाची समजूत घालते. आखाजीला आली नाही तर मात्र त्या घरी पुरणाचे मांडे गोड लागत नाहीत. निंबाच्या फांदीला दोर बांधले जातात, गौराईपुढे गाणी होतात, भर उन्हात सासुरवाशिणी झोक्यावर आभाळाला हात लावून येतात. सालदाराचे साल याच दिवशी संपते आणि याच दिवशी नवे ठरते. पुरुषमंडळी पत्ते कुटतात, त्याविषयी आज अधिक न लिहिलेले बरे.

या साऱ्या गजबजाटात घरातल्या एका कोपऱ्यात मात्र शांतता असते. तिथे घागर मांडलेली असते. कुंभाराकडून आणलेली नवी मातीची घागर, काठोकाठ पाण्याने भरलेली. तिच्यावर डांगर, आंबे, सांजोऱ्या. पितरांची नावे घेत आगारी टाकायची आणि घागरीला हात जोडायचे. गेलेल्या माणसांना वैशाखात तहान लागते, ती या पाण्याने भागते, अशी श्रद्धा. हे शास्त्रात कुठे आणि कसे सांगितले आहे याची चिकित्सा आम्ही कधी केली नाही. ज्या प्रदेशात वैशाखाचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते, त्या प्रदेशाने आपल्या मेलेल्या माणसांना पाणी द्यावे यात आम्हांला मोठे औचित्य वाटत आले आहे.

२०१९ च्या वैशाखात आमच्या पांझरेकाठच्या गावी ही घागर टँकरच्या पाण्याने भरावी लागली. आदल्या वर्षीचा पाऊस फसलेला होता. नदीच्या पात्रात वाळूचा धुरळा उडत होता. टँकर दुपारी आला. बायामाणसांची झुंबड उडाली, दोन-तीन प्लॅस्टिकच्या हंड्यांसोबत आमची कोरी घागरही त्या रबरी नळीखाली गेली आणि कशीबशी भरून घरी आली. तेव्हा नव्वदी ओलांडलेली आमची आजी ओट्यावर बसून हे सारे पाहत होती. ती म्हणाली, "पितरसले टँकरनं पानी चाली का रे भाऊ?" आम्ही हसून विषय टाळला. पण प्रश्न मनात रुतून बसला तो बसलाच. घागर नवी, डांगर ताजे, मंत्र तोच. फक्त पाणी आपले नव्हते.

पाणी आपले असणे म्हणजे काय, हे पांझरेने आमच्या पूर्वजांना फार पूर्वी शिकविले होते. साक्री तालुक्यातील सह्याद्रीच्या रांगांत उगम पावणारी ही नदी धुळे शहरातून वाहत येऊन कपिलेश्वराजवळ तापीला मिळते. तिच्यावर आणि आसपासच्या नद्यांवर काही शतकांपासून लहान लहान दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी ती व्यवस्था. फडपद्धत म्हणतात ती हीच. तिची खुबी अशी की बहुतेक शेतकऱ्यांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. नदी आटली आणि एखादा फड कोरडा ठेवण्याची पाळी आली, तर तूटही साऱ्यांच्या वाट्याला येई. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, तंटा मिटवायला पंच. त्यांची मजुरी पिकातून. सरकारचा शिक्का नाही, कागद नाही. आणि तरी पाटकऱ्याने दिलेली पाळी मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पुढे मोठी धरणे आली, विहिरींवर विजेचे पंप बसले, ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी मोठे असा काळ आला. फड अगदीच नाहीसे झाले नाहीत, पण त्यांच्यामागचा धाक गेला. आणि नदीला पाणी पुरविणारे डोंगर तर त्याच्याही आधी उघडे पडू लागले होते.

या डोंगरांची गोष्ट सांगताना पिंपळनेरच्या पलीकडे, गुजरातच्या सीमेकडे झुकलेल्या सह्याद्रीच्या कुशीत जावे लागते. तेथे बारीपाडा नावाचा शंभराच्या आसपास घरांचा पाडा आहे. वस्ती प्रामुख्याने कोकणा आदिवासींची. या भागातले कोकणा आणि भिल्ल मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात. व्रत धरलेले पुरुष नाचत-गात डोंगराच्या पायी जातात. डोंगरालाच देव मानणारी ही माणसे. तरीसुद्धा १९९० च्या सुमारास बारीपाड्याचा डोंगर बोडका झालेला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. श्रद्धा होती, पण झाडे नव्हती. लाकूड तोडून विकायचे, हातभट्टीची दारू गाळायची, पावसाळा सरला की मजुरीसाठी गाव सोडायचे, आणि गावात उरलेल्या बायकांनी पाण्यासाठी रानोमाळ हिंडायचे, असा तेथला जीवनक्रम होता. भुकेल्या माणसाला दोष देणे सोपे असते. आम्ही तो देत नाही. आमच्या शहरांतल्या चुली आणि फर्निचरची दुकाने त्याच लाकडावर चालत होती.

त्या काळात याच पाड्यातला एक तरुण एम. कॉम. झाला. चैत्राम पवार त्याचे नाव. आदिवासी पाड्यातला मुलगा वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतो, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. त्याने बँकेत किंवा कचेरीत जावे, दरमहा पगार घ्यावा, पिंपळनेरला नाहीतर धुळ्याला दोन खोल्या बांधाव्यात, हीच अपेक्षा कोणाचीही असती. तो गावात राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्याशी तो जोडला गेला आणि १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने गावकऱ्यांना बरोबर घेऊन डोंगर राखायला घेतला. 'राखणे' हाच शब्द येथे योग्य आहे. झाडे लावणे पुढे झाले. आधी जे बुंधे जमिनीत जिवंत होते त्यांना फुटू द्यायचे होते. सागाचा, धावड्याचा तोडलेला बुंधा दोन-तीन पावसाळे कुऱ्हाड आणि गुरांचे तोंड यांपासून वाचला तर आपणहून वर येतो. खड्डा, रोप, पाणी, कुंपण असा कसलाही खर्च त्याला लागत नाही. लागतो तो गावाचा निश्चय.

निश्चय हा शब्द लिहायला सोपा. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की स्वतःच्या चुलीसाठी लागणाऱ्या मोळीवर स्वतःच बंधन घालायचे. बारीपाड्याच्या ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, जंगलात बैलगाडी नेण्यास मनाई केली. गावातल्या वृद्धांना राखणदार नेमले. झाड तोडणाऱ्याला दंड आणि तोडणाऱ्याला पकडून देणाऱ्याला बक्षीस ठरविले. दारूच्या भट्ट्या बंद केल्या. बाहेरगावच्या तोडणाऱ्यांशी भांडणेही झाली असणार. जे लाकूड कालपर्यंत सर्वांचे होते ते आज एका गावाने अडवावे, हे शेजाऱ्यांच्या गळी कसे उतरावे? आणि ज्यांना आपण काका, मामा म्हणतो त्यांच्याकडून दंड वसूल करणे ही गोष्ट तर शेजाऱ्याशी भांडण्याहून अवघड. राखलेल्या जंगलाच्या छायाचित्रांत ही अवघड संध्याकाळ कधी दिसत नाही. आमच्या मते चैत्राम पवार आणि त्यांच्या सोबत्यांचा खरा पराक्रम तो आहे.

सरकारी धोरणानेही तेव्हा थोडी वाट मोकळी केली होती. १९९० मध्ये केंद्र सरकारने गावकऱ्यांना वनसंरक्षणात सहभागी करून घेण्याचे परिपत्रक काढले आणि संयुक्त वनव्यवस्थापनाची कल्पना देशभर पसरली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांना आधार दिला. परंतु परिपत्रक साऱ्या देशाला लागू होते आणि बारीपाडे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निपजले, हेही खरे.

डोंगर राखला म्हणून पाणी कसे आले, असा प्रश्न शहरी वाचकांस पडेल. खानदेशची भूमी काळ्या पाषाणाची, अग्निजन्य खडकाची. या खडकात पाणी मुरते ते त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमाच्या थरातून. डोंगर उघडा असेल तर पावसाची सर उतारावरून धावत सुटते, सोबत माती नेते आणि तासाभरात ओढ्यातून नाहीशी होते. गवत, पालापाचोळा, मुळांचे जाळे असेल तर तीच सर अडखळते, रेंगाळते, झिरपते. त्याला गावकऱ्यांच्या श्रमदानातून खोदलेल्या समतल चरांची आणि दगडी बांधांची जोड मिळाली. शिवाय धुळे जिल्ह्याच्या पोटात एक विशेष गोष्ट आहे: जुन्या खडकाला चिरून वर आलेल्या कठीण दगडाच्या लांबच लांब उभ्या भिंती. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. माळरानावर त्या एखाद्या पडक्या तटासारख्या दिसतात. जमिनीखाली त्या जागोजाग पाणी अडवितात, कोठे अडवितात नि कोठे वाट करून देतात हे मात्र जागा पाहूनच ठरते. निसर्गाने बंधारे बांधून ठेवलेलेच होते म्हणा. वरून पाणी मुरविणारे कोणी राहिले नव्हते.

सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे अकराशे एकरांच्या आसपास जंगल या पाड्याने राखले. विहिरींना पाणी टिकू लागले. जिथे एक पीक कसेबसे येई तिथे चारसूत्री पद्धतीने भात पिकू लागला आणि गाव सोडून जाणाऱ्यांची रांग आटली. २००४ पासून येथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. पहिल्या पावसाबरोबर उगवणारी, कोठल्याही बाजारात भाव नसलेली ही पाने, फुले, कंद. त्यांची ओळख, त्यातले कडू काय आणि ते उतरविण्यासाठी किती वेळा उकळावे लागते याचे ज्ञान केवळ बायकांपाशी. या ज्ञानासाठी त्यांना व्यासपीठावर बोलावून बक्षीस द्यावे, हे ज्याला सुचले त्याला आम्ही संशोधक म्हणू. यंत्र शोधणाराच तेवढा संशोधक, असे कोठे लिहून ठेवले आहे? २०२५ मध्ये भारत सरकारने चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर केली. गावाच्या तरुणाला मिळालेली ही पदवी त्याच्या तारुण्यानंतर तीस वर्षांनी आली, एवढेच.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर जळगावकडे वळल्यावाचून राहवत नाही. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन कायद्याचे पदवीधर. सरकारी नोकरीची चालून आलेली संधी बाजूला सारून त्यांनी १९६३ मध्ये घरातल्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेलविक्रीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ठिबक सिंचन हाती घेतले आणि ज्या देशात पाणी देणे म्हणजे वाफा भरून टाकणे एवढेच ठाऊक होते, तेथे झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी देण्याची विद्या घरोघर नेली. जळगावच्या केळीचे आजचे रूप या नळ्यांवाचून कल्पिताच येत नाही. २०१६ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आम्हांला आदर आहे. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबक आले, पण भूजल वर्षानुवर्षे खोल जातच राहिले. वाचलेले पाणी जमिनीत राहिले नाही, ते पुढच्या एकराच्या केळीला गेले. यात नळीचा अपराध नाही. थेंब मोजणारे साधन आपण घेतले. किती थेंब उपसायचे हे ठरविणारा पाटकरी मात्र कोणी नेमला नाही.

अक्षय्य तृतीयेच्या निमित्ताने द्रौपदीच्या थाळीची कथा कीर्तनांत सांगितली जाते. सूर्याने पांडवांना दिलेले ते अक्षयपात्र वनवासात हजारोंना जेऊ घालीत असे. श्रोते 'अक्षय' या शब्दापाशीच थांबतात. कथेतली अट कोणी फारशी सांगत नाही: द्रौपदीचे भोजन झाले की त्या दिवसापुरते पात्र रिकामे. म्हणून घरच्या स्वामिनीने सर्वांच्या शेवटी जेवायचे. ते पात्र देवाने दिले होते खरे, पण ते रोज भरलेले राही ते त्या नियमामुळे. बारीपाड्याचा डोंगर पाहताना आम्हांला या कथेची आठवण होते, आणि रावेर-यावलकडे पाहतानाही होते.

खानदेशला असे तरुण नवे नाहीत. १९२४ मध्ये कोकणातल्या पालगडचा, पंचविशीही न गाठलेला एक शिक्षक अमळनेरला प्रताप हायस्कुलात आला. पांडुरंग सदाशिव साने. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या तो स्वतः झाडी, त्यांचे कपडे धुऊन ठेवी, त्यांच्यासाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढी. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना साने गुरुजी म्हणू लागला ते हेच. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, परंतु आम्हांला त्यांच्या आयुष्यातली ही सहा वर्षे अधिक मोलाची वाटतात. उपदेश करण्यापूर्वी केरसुणी हातात घ्यायची, हा क्रम त्यांनी अमळनेरच्या मुलांना दाखविला. बारीपाड्यात तो क्रम पुन्हा दिसतो. दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे असे आमचे म्हणणे नाही.

येथवर लिहून आम्ही थांबणार होतो. परंतु सणाच्या दिवशी घरातली गोष्ट झाकून दुसऱ्यांच्या घरची सांगणे बरे नव्हे.

आमचा पुतण्या कृषी पदवीधर आहे. गेल्या वर्षी तो पुण्याच्या एका कंपनीतली नोकरी सोडून गावी परतला. गावामागच्या टेकडीवर चर खोदायचे, गायरानाचा एक तुकडा तीन वर्षे चराईला बंद ठेवायचा, असा त्याचा आणि त्याच्या आठ-दहा मित्रांचा विचार. घरात वादळ उठले. त्याच्या आईने जेवण सोडले. मुलीकडचे लोक येतात, ओट्यावर चहा घेतात आणि 'मुलगा काय करतो' या प्रश्नाचे उत्तर ऐकून उठून जातात. या सगळ्यात त्याला समजावण्याचे काम आमच्याकडे आले, आणि आम्ही, ज्यांनी आताच बारीपाड्याचे एवढे गुणगान केले, त्याला चार पानी पत्र लिहून नोकरी पत्करण्याचा सल्ला दिला. टेकडी कोठे पळून जात नाही, पगार मात्र जातो, असे एक वाक्यही त्यात होते. ते लिहिताना आम्हांला ते मोठे शहाणपणाचे वाटले होते.

त्याने पत्राला उत्तर पाठविले नाही. संक्रांतीला भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, "नाना, चैत्रामदादांच्या घरीसुद्धा कोणीतरी असे पत्र लिहिले असेल." त्याच्या हाताला कुदळीचे घट्टे पडलेले होते. गायरान बंद करायला निम्मे गाव अजून तयार नाही. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांचे म्हणणेही खोटे नाही. तीन वर्षे शेळ्यांनी खायचे काय, याचे उत्तर या मुलांनी अजून दिलेले नाही. चारा कोठून आणायचा, कोणी किती कापून न्यायचा, यावर मारुतीच्या पारावर दर शनिवारी बैठक बसते आणि बहुतेक वेळा भांडणात मोडते. मोडते, पण पुढच्या शनिवारी पुन्हा बसते. चरांत पहिल्या पावसाळ्यात पाणी थांबलेले मात्र लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. झाकल्या मुठीने कोणी कबूल करीत नाही, तरी टेकडीखालच्या दोन विहिरींचे पाणी यंदा माघापर्यंत टिकले.

आजी आता नाही. यंदाच्या आखाजीला तिच्या नावानेही घागर भरायची आहे. कुंभाराकडून ती आणून ठेवली आहे. कोऱ्या मातीचा वास घरभर पसरला आहे. लेकी आल्या आहेत, निंबाला दोर बांधून झाला आहे, झोक्यावर कोणी आधी बसायचे यावरून पोरींची कुरबुर चालू आहे. वहिनीने रात्रीच निरोप देऊन ठेवला की टँकरचा नंबर लावून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. पुतण्या म्हणाला, थांबा. आणि पहाटेच, कोणी उठण्यापूर्वी, बादली आणि दोर घेऊन तो टेकडीखालच्या विहिरीकडे गेला आहे. ऊन आता ओट्यावर आले आहे. तो अजून परतलेला नाही, आणि टँकरचा नंबर आम्ही अद्याप लावलेला नाही.